पेटी बदलण्याआधी पाण्याची वाट शोधणारं दुकान: कुर्ल्यातल्या ईसीएम रिपेअरिंगचा माझा अनुभव

गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची पेटी, गेलाय असं कुणी सांगितलं असेल, तर नव्या पेटीचे पैसे भरण्याआधी कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीतल्या या दुकानात गाडी एकदा दाखवा. माझा फुलांच्या सजावटीचा धंदा आहे. पहाटे माझी व्हॅन दादरच्या फुलमार्केटात पोचली नाही, तर त्या दिवशी कुणाच्या तरी सत्यनारायणाचा चौरंग नाहीतर साखरपुड्याचं स्टेज ओकंबोकं राहतं. श्रावणात ती बंद पडली होती, आणि पुढे गणपती. म्हणून मी इतक्या तपशिलात लिहितेय.

गाडी 2018 ची, बीएस-4, कंपनी-फिटेड सीएनजी. तिचं दुखणं विचित्र होतं. कोरड्या दिवशी झकास चालायची. रात्री पाऊस झाला की सकाळी सेल्फ फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही. दुपारी ऊन पडलं की पुन्हा चालू. मग एके दिवशी उन्हातही उठली नाही. चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो ना, तोही लागेना. घराजवळच्या गॅरेजात स्कॅनर लावला, पलीकडून काही उत्तर येईना, आणि लगेच निकाल: ईसीएम गेला, नवी पेटी कोडिंगसकट 28,000 रुपये. कुणी वाकून एक वायरसुद्धा पाहिली नाही.

सायनचा पूल तेव्हा बंद होता, त्यामुळे टोइंगवाल्यानं बीकेसीला वळसा घालून गाडी कुर्ल्याला आणली. दुकान म्हणजे एक शटर, आत दोन टेबलं, एकावर मायक्रोस्कोप आणि हॉट एअरचं मशीन, दुसऱ्यावर उघडलेल्या पेट्या. मालकांना सगळे चाचा म्हणतात. मूळचे खेडकडचे, बोलणं स्वच्छ कोकणी वळणाचं मराठी. मी गॅरेजवाल्याचं निदान सांगितलं, तर म्हणाले, "ताई, स्कॅनरला जवाब नाही म्हणजे ईसीएम मेला असं नसतं. आधी त्याला जेवण पोचतंय का ते बघू."

मग त्यांनी जे केलं, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. त्यांनी पाहू दिलं, ही मला या दुकानातली पहिली मोठी गोष्ट वाटते. आधी फ्यूज आणि मेन रिले. मग ईसीएमच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर, बॅटरीचा सप्लाय आणि अर्थिंग. हातातल्या मल्टीमीटरवर 12 व्होल्ट दिसले तरी ते थांबले नाहीत. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब त्याच वायरींवर लावून पाहिला, कारण आतून कुजलेली वायर मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि लोड आला की बसते. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे सप्लाय आणि अर्थिंग ठीक. पुढे सेन्सर. ईसीएम सेन्सरांना 5 व्होल्ट पुरवतो. त्यांतला एखादा सेन्सर शॉर्ट झाला तर तो ती लाईनच खाली ओढतो, आणि चांगला ईसीएमसुद्धा मेल्यासारखा वागू शकतो. इथे 5 व्होल्ट नव्हतेच. चाचांच्या पोरानं एकेक सेन्सरचा कपलर काढला, प्रत्येक वेळी चाचांनी मीटर पाहिला. सगळे काढले तरी लाईन शून्यावर. तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता पेटी खोलू."

पेटी डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली होती. बॅटरीचं टर्मिनल आधी सोडलं, मग कपलर. कपलरच्या दोन पिना हिरव्या पडलेल्या. झाकण उघडल्यावर बोर्डाच्या त्याच कोपऱ्यात तांब्याचा ट्रॅक खाल्लेला, शेजारी व्होल्टेज सांभाळणाऱ्या आयसीचे (चिपचे) पाय काळे. मायक्रोस्कोपखाली त्यांनी ते मलाही दाखवलं. बोर्ड साफ केला, तुटलेल्या ट्रॅकवर बारीक तार ओढली, टेबलावरच सप्लाय दिला, आणि पेटी बोलायला लागली! मला इतका आनंद झाला की मी मुलाला फोन लावला. पण चाचांनी बोर्डावर गरम हवा मारली आणि पाचेक मिनिटांत पेटी पुन्हा गप्प. ते म्हणाले, "ही मी बसवून देणार नाही. आज घरी जाल, उद्या इंजिनच्या गरमीनं हायवेवर थांबाल." त्या खटपटीचे पैसे त्यांनी बिलात लावले नाहीत. चालू पेटी हातात देऊन पैसे घेणं त्यांना सहज जमलं असतं, मला काय कळणार होतं?

मग दुसरी, वापरलेली पेटी. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवा. त्याच मॉडेलच्या नुसत्या पेट्रोल गाडीची पेटी दिसायला तशीच असली तरी माझ्या गाडीत चालली नसती, कारण सीएनजी सांभाळणाऱ्या वेगळ्या पेटीशी, ईसीयूशी, तिला बोलावं लागतं. सीएसटी रोडवर जुना माल घेताना तो चोरीचा तर नाही ना, अशी मनात एक शंका असतेच, ती मी तोंडावर विचारली. त्यांना राग आला नाही. पुराच्या पाण्यात नव्हे, धडकेत गेलेल्या गाडीची पेटी होती, तिच्या खरेदीचा कागद दाखवला आणि सीरियल नंबर माझ्या बिलावर लिहिला. नंतर माझ्या मूळ पेटीच्या मेमरीतला सगळा डेटा, म्हणजे इंजिनचा प्रोग्राम, चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा कोड आणि चॅसी नंबर, उचलून या दुसऱ्या पेटीत उतरवला. त्यामुळे माझ्या दोन्ही चाव्या तशाच चालल्या, वेगळं कोडिंग करावं लागलं नाही. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत असा डेटा काढणं बरंच जिकिरीचं असतं, असं चाचा म्हणाले, तेव्हा तशी गाडी असेल तर आधी फोनवर मॉडेल सांगून विचारा.

पेटी तयार होती, मी पैसे काढले, तर चाचा म्हणाले, "पाणी कुठनं आलं ते कळल्याशिवाय बसवायची नाही." पोरगा टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि दुसऱ्यानं पुढच्या काचेवर पाईप सोडला. थोड्या वेळानं आतून आवाज: आलं, आलं! काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरून वायरिंगच्या जुडग्यावरून सरळ कपलरपर्यंत उतरत होतं. ती काच पावसाळ्याआधीच एका ठिकाणी बदलून घेतली होती. तिथे जुना सिलंट नीट न खरवडता वरूनच नवा फासला होता. नवी पेटी तशीच लावली असती तर पुढच्या पावसात तीही गेली असती, मग ती 28,000 ची असो की कितीची. याच गोष्टीसाठी मी या दुकानाला पाच तारे देते. काचवाला बोलावून काच काढली, पुन्हा चिकटवली, सिलंट सुकायला गाडी रात्रभर हलवली नाही. कपलरच्या पिना बदलल्या. वायरिंगला पेटीच्या खालपर्यंत झोल देऊन मग वर घेतलं, म्हणजे पाणी आलंच तरी झोलाच्या तळाशी गळून पडेल.

बिल असं: तपासणी 800, पेटी आणि डेटा उतरवणं 9,500, काच 1,800, पिना आणि वायरिंग 600. एकूण 12,700 रुपये, टोइंग वेगळं. पक्कं बिल, सहा महिन्यांची वॉरंटी लिहून, आणि जुनी पेटी परत. पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिनचा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा वेग, जरा वरखाली होत होता, पेटीला थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) सवय होईपर्यंत तसं होतं म्हणाले, आणि मी कलिन्याला फेरी मारून येईपर्यंत तो स्थिर झाला. नंतर पीयूसी काढली, पास झाली. त्यानंतर सगळा गणपतीचा सीझन झेंडू, शेवंती, निशिगंध भरभरून गाडीनं ओढला, भर पावसातही.

एक तारा कापावा असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी त्रुटीही सांगते. फोन उचलत नाहीत. हातात सोल्डरिंग गन असते हे खरं, पण गाडी अडकलेल्या माणसाचा जीव वर-खाली होतो. एखादं पोरगं फोनवर बसवायला हवं. किती वेळ लागेल ते नीट सांगत नाहीत. बायकांना बसायला गल्लीत धड जागा नाही, शेजारच्या टायरवाल्यांनी मला स्टूल दिलं. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. गल्लीत चारचाकी उभी करायला दुपारनंतर जागा मिळत नाही, टोइंगवाल्याला सकाळी दुकान उघडायच्या सुमारास पोचायला सांगा, आणि गाडीबरोबर आरसी आणि दोन्ही चाव्या न्या.