राऊटर टेबल आठ महिने वापरल्यावर, मुख्यतः स्विचबद्दल

राऊटर म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकडाला गोलाई, खाच मारायचं मशीन; टेबलात ते खाली उलटं बसतं आणि बिट टॉपमधून वर येतो. टॉप किती जाड, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ कड) किती लांब, खाली कुठले राऊटर बसतात हे सगळं विकणाऱ्याच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्या टेबलाबरोबर जो स्विच आला नाही त्याबद्दल.

धायरीला आम्ही चौघांनी मिळून शेड भाड्याने घेतली आहे. एक जण पूर्णवेळ फर्निचर करतो, बाकीचे आम्ही नोकरी सांभाळून. टेबल वर्गणी काढून घेतलं. तेव्हा विकणारा म्हणाला की नो-व्होल्टचा स्विच वेगळा घ्यावा लागेल, 1400 रुपये. मीच म्हटलं की राऊटरला बटण आहे, भिंतीवर सॉकेटला बटण आहे, तिसरं कशाला, त्या पैशात दोन चांगले बिट येतील. बाकीच्यांना पटलं.

तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला लाईट गेली. सागवानाच्या पट्टीला गोलाई मारत होतो, पट्टी अर्धी झालेली. पट्टी बाजूला ठेवली आणि चहाला गेलो. आता टेबलात राऊटर खाली उलटा लटकलेला असतो, त्याचं बटण दाबून लॉक करून ठेवलेलं, ते बंद करायला दर वेळी वाकावं लागतं म्हणून कुणीच करत नाही, सगळे सॉकेटच्या बटणावरच चालू-बंद करायचो. त्या दिवशी मी तेही बंद केलं नाही, पूर्ण चूक माझी. परत येऊन बिटभोवतीचा भुसा रंगाच्या ब्रशने झाडत होतो आणि लाईट आली. ब्रश हातातून उडून पत्र्यावर आपटला. बोटं बिटपासून जेमतेम चार इंचांवर होती. काही लागलं नाही, पण नंतर दिवसभर मशीनजवळ जायची हिंमत झाली नाही.

आवाज ऐकून शेजारच्या गाळ्यातले मिस्त्रीकाका आले. त्यांची गावाकडे थोडी बागायत आहे. म्हणाले, "अहो, आम्ही विहिरीच्या मोटरला ऑटोस्विच बसवतो, रात्री लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. तुम्हाला बरोब्बर त्याच्या उलटं पाहिजे. लाईट आली तरी मशीन गप बसलं पाहिजे." एवढं साधं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नो-व्होल्ट स्विचच्या आत कॉइल असते, हिरवं बटण दाबल्यावर तीच संपर्क धरून ठेवते, लाईट गेली की कॉइल सोडते आणि लाईट परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही.

मग मी परत पैसे वाचवायला गेलो. ऑनलाईन 450 रुपयांना 'सेफ्टी स्विच' मिळाला, पिवळी डबी, वर मोठं लाल बटण. बसवला, सगळे खूश. मिस्त्रीकाकांनी येऊन एकच केलं, मशीन चालू असताना भिंतीवरचं सॉकेटचं बटण बंद केलं आणि परत चालू केलं. राऊटर लगेच सुरू! म्हणजे आत साधाच स्विच होता, रंग तेवढा सेफ्टीचा. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे फोटोत आहे तसाच दिलाय, रिटर्न बसत नाही. तीन आठवडे मागे लागलो, व्हिडिओ काढून पाठवला, शेवटी कुरियरचे कापून पैसे दिले. माझा राग 450 रुपयांचा नाही, अशी वस्तू 'सेफ्टी' लिहून विकणं हे कुणाच्या तरी बोटांशी खेळणं आहे. तुमच्याकडे लाल बटणाचा स्विच असेल तर आजच ही टेस्ट करा, बिट काढून ठेवा आणि मगच करा.

शेवटी 1400चाच घेतला. आमचा राऊटर 1600 वॅटचा, म्हणजे साधारण 7 अँपिअर, त्याला पुरेल असा बघून. टेबलाच्या पुढच्या पायाला मांडीच्या उंचीवर लावलाय, लाल झाकण पायाने ढकललं तरी बंद होतो, दोन्ही हात लाकडावरच राहतात. हे सुख आधी माहीतच नव्हतं.

टेबलाबद्दलचं माझं मतही मधे बदललं. पहिल्या महिन्यात मी फेन्सला शिव्या घालत होतो, टोकाला हलतो म्हणून. दोन सी-क्लॅम्प लावल्यावर तो विषय संपला. खरा त्रास चार जणांच्या चार सवयींचा. हातात राऊटर धरायची सवय असलेला माणूस टेबलावर लाकूड उलट्या बाजूने ढकलतो. टेबलात बिट वरून बघितल्यावर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून फेन्ससमोर उभं राहून लाकूड उजवीकडून डावीकडेच जायला हवं. उलट दिलं की बिट ते हातातून ओढून घेतो आणि लाकडामागोमाग हात जातो. टॉपवर ऑइलपेंटने लाल बाण काढलाय. फेन्स आणि बिटच्या मधून पट्टी सरकवायची नाही हेही तिथेच लिहिलंय, कारण त्या बाजूने बिट पट्टी खेचून बाणासारखी फेकतो.

दुसरं, स्पीड. 6 मिमीच्या बिटसाठी कुणीतरी डायल पूर्ण फिरवून जातो आणि पुढचा माणूस तसाच 50 मिमीचा मोठा पॅनल बिट लावतो. एवढ्या मोठ्या बिटला तो स्पीड धोक्याचा: 24,000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) त्याची धार ताशी सव्वादोनशे किलोमीटरने फिरते. आता काम झालं की डायल सगळ्यात खाली आणि बिट टॉपच्या आत, मगच घरी जायचं.

इतकं झाल्यावर मला वाटलं होतं स्विचने प्रश्न सुटला. तर गेल्या महिन्यात आमच्यातलाच एक जण प्लग लावलेला ठेवून बिट बदलताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "दादा, नो-व्होल्ट आहे ना, आपोआप कशाला सुरू होईल?" लाईट आली म्हणून होणार नाही, पण गुडघा लागून हिरवं बटण दाबलं गेलं तर? पूर्वी भीतीने तरी सगळे प्लग काढायचे, स्विच आल्यावर तेही सुटलं होतं, आणि माझंही सुटलं होतं हे मला तेव्हाच कळलं.

म्हणून आता कोलेटचा (बिट पकडणाऱ्या चकचा) पाना वीतभर साखळीने प्लगलाच बांधलाय. प्लग भिंतीत असला तर पाना राऊटरपर्यंत पोचत नाही. बिट बदलायला एक मिनिट जास्त लागतं, फर्निचरवाला मित्र त्यावरून कुरकुरतो, पण साखळी अजून कुणी सोडलेली नाही.