निळ्या फुलांचं आफ्रिकी झुडूप लावायचंय: ब्लू बटरफ्लाय की किंग्ज मँटल?

बागेत लाल, गुलाबी, पिवळं सहज मिळतं. जास्वंद, एक्झोरा, बोगनवेल, कण्हेर यांनी ते सगळं भरून काढलंय. अडतं ते निळ्यापाशी. गोकर्ण आहे, पण तो वेल. निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूपच हवं असेल, तर आपल्याकडच्या नर्सरीत हमखास दोन रोपं पुढे येतात: ब्लू बटरफ्लाय बुश आणि किंग्ज मँटल. दोन्ही उष्ण आफ्रिकेतली, दोन्ही बिनकाट्याची, दोन्ही आपल्या हवेत बारा महिने बाहेर राहणारी. म्हणून माणूस ‘कुठलंही घेतलं तरी चालेल’ असं धरून चालतो. मला ते पटत नाही. ही दोन झुडपं वेगवेगळ्या जागांची आणि वेगवेगळ्या सवयीच्या माणसांची आहेत. चुकीची जोडी जमली की दोन वर्षं पानंच मोजत बसावं लागतं.

कोण कुठलं

ब्लू बटरफ्लायचं शास्त्रीय नाव रोथेका मायरिकॉइडिस. इथिओपिया, केनिया, युगांडापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, जंगलाच्या कडेला, झुडपी माळावर, खडकाळ उतारांवर ते वाढतं. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही कित्येक लेबलांवर ते ‘क्लेरोडेंड्रम युगांडेन्स’ म्हणून भेटतं. 1998 मध्ये स्टीन आणि मॅबर्ली या अभ्यासकांनी रोथेका ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या वनस्पतींचा गट) क्लेरोडेंड्रमपासून पुन्हा वेगळी काढली, आणि त्याच प्रजातीत आपली भारंगीही गेली. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलते, कोकणात जिच्या कोवळ्या पानांची आणि फुलांची भाजी होते, ती ही भारंगी. दोघींची फुलं शेजारी धरली तर नातं सांगावं लागत नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगते: भारंगीची भाजी होते म्हणून या आफ्रिकी बहिणीची पानं कढईत घालू नका. नातं जवळचं असलं तरी वनस्पती वेगळी आहे.

किंग्ज मँटल म्हणजे थनबर्जिया इरेक्टा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. कूळ अडुळशाचं, म्हणजे कोरांटी आणि अबोली याची भावंडं. थनबर्जिया म्हटलं की बहुतेक जण मांडवावर चढणारा निळा वेल डोळ्यांपुढे आणतात. तो वेगळा, आपल्या उपखंडातला थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा. इरेक्टा मात्र कमरे-छातीएवढं झुडूप, फार तर फांद्या थोड्या रेलणाऱ्या.

फूल जवळून पाहा

निवडीचा निम्मा भाग इथेच होतो, म्हणून जरा थांबूया.

ब्लू बटरफ्लायची कळी गोल, फुगलेली असते. उमलली की पाच पाकळ्या. चार फिकट आकाशी, दोन्ही बाजूंना पसरलेल्या, आणि पाचवी खालची, गडद जांभळट निळी, किंचित खोलगट. त्यातून चार लांब पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर कमानीसारखे वाकून बाहेर येतात. पुंकेसर आधी पुढे असतात आणि स्त्रीकेसर वळून बाजूला राहतो. परागकण देऊन झाले की पुंकेसर वळतात आणि स्त्रीकेसर त्यांची जागा घेतो. एकाच तुऱ्यात कालचं आणि आजचं फूल शेजारी पाहिलं तर हा फेरपालट स्पष्ट दिसतो. काळा मोठा भुंगा खालच्या पाकळीवर उतरला की ती कमान त्याच्या पाठीला टेकते. फुलं फांदीच्या टोकाला, सैल तुऱ्यात येतात. त्यामुळे झुडूप फुलावर असतं तेव्हा वरचा सगळा भाग निळा दिसतो.

किंग्ज मँटलचं फूल कर्ण्याच्या आकाराचं. नळी फिकट, घसा पिवळाजर्द, आणि तोंडाशी पाच रुंद, मखमली, गर्द जांभळ्या पाकळ्या. खरं सांगायचं तर हे निळं नाहीच, जांभळं आहे. फोटोत ते निळं दिसतं आणि तिथेच फसगत होते. पानाच्या बेचक्यातून एकेक फूल येतं. कळी आधी दोन फिकट हिरव्या, पानांसारख्या छदकांच्या मिठीत बंद असते. फूल एक-दोन दिवसांत अख्खं गळून पडतं आणि झाडाखाली जांभळा सडा होतो. याचाच पांढऱ्या फुलांचा प्रकारही मिळतो, त्यात घसा पिवळाच राहतो.

आकाशी निळाच रंग हवा असेल तर पुढचं फार वाचायची गरज नाही, ब्लू बटरफ्लाय घ्या. मात्र जागेने परवानगी दिली पाहिजे.

ऊन आणि जागा

ब्लू बटरफ्लायला चार-पाच तासांचं थेट ऊन लागतं, त्यातही सकाळचं उत्तम. कमी उन्हात ते मरत नाही, पण फांद्या लांबच लांब, विरळ होतात आणि तुरे मोजके येतात. जमिनीत ते सहज सहा ते आठ फूट जातं, मुळाशी नवे धुमारे फोडतं आणि हळूहळू जागा व्यापतं. कुंडीत लावायचं तर चौदा इंचांखालची नको.

किंग्ज मँटल इमारतीतल्या माणसाचं झुडूप आहे. पूर्वेची किंवा उत्तर-पूर्वेची गॅलरी, दोन-तीन तासांचं ऊन आणि बाकी उजेड, एवढ्यावरही ते फुलत राहतं. पाच-सहा फुटांवर ते सहसा जात नाही, पानं लहान आणि दाट, बारा इंचांच्या कुंडीत वर्षानुवर्षं राहतं. ऊन जास्त मिळालं तर फुलं अर्थातच जास्त. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दोघांनाही दुपारची सावली द्या. ग्रीन नेट नसेल तर मोठ्या झाडाच्या आडोशाला कुंडी सरकवली तरी पुरतं.

मुंबईच्या किंवा पणजीच्या उंच मजल्यावर, समुद्राच्या वाऱ्यात, ब्लू बटरफ्लायच्या रुंद पानांचे आणि लांब फांद्यांचे हाल होतात. तिथे मी दुसरा विचार न करता किंग्ज मँटल सुचवते.

छाटणी: खरा फरक इथे आहे

फुलं येत नाहीत ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी कात्रीबद्दल विचारते. खताचा विषय नंतर.

ब्लू बटरफ्लाय नव्या फुटीच्या टोकाला फुलतं. थंडी ओसरली की, फेब्रुवारीच्या शेवटी, ते धीटपणे कापायचं: जमिनीपासून दीड-दोन फूट ठेवून बाकी सगळं. झाड बोडकं दिसतं, घरातली माणसं हळहळतात, पण महिन्याभरात जोमदार फूट येते. ही फूट वीतभर झाली की शेंडे एकदाच खुडायचे, म्हणजे एकाच्या दोन फांद्या होतात. त्यानंतर कात्री बाजूला ठेवायची. ‘जरा आकार देऊ’ म्हणून मध्येच शेंडे कापले की येणारा तुराच कापला जातो. पहिल्या वर्षी कापायला धजत नाही त्याचं झुडूप खाली काटक्यांचं आणि वर चार तुऱ्यांचं राहतं.

किंग्ज मँटलची फुलं फांदीभर पानांच्या बेचक्यांत येतात, त्यामुळे ते कात्रीला बऱ्यापैकी दाद देतं. कुंपणासाठी ते लावतात ते याचसाठी. दीड-दोन फुटांवर एकेक रोप लावलं की दोनेक वर्षांत दाट हिरवी भिंत उभी राहते. मात्र सोसायटीचा माळी दर पंधरवड्याला सपाट कातरत असेल तर त्या भिंतीला फूल दिसणार नाही. फुलांचा बहर ओसरला की कातरायचं, वर्षातून दोन-तीनदा, एवढंच पुरे.

माती, पाणी, खत

इथे दोघांत फारसा फरक नाही. पाणी तुंबलेलं दोघांनाही चालत नाही. काळ्या मातीत थेट खड्डा करून लावलंत तर पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजण्याची भीती. खड्ड्यातली निम्मी माती काढून मुरूम-वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, नाहीतर थोडा उंच वाफा करा. कोकणातल्या जांभ्या मातीत निचरा आपोआप होतो, तिथे कंपोस्ट भरपूर लागतं. कुंडीसाठी माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात, वर दोन मुठी जाड वाळू.

उन्हाळ्यात दुपारी दोघांचीही पानं माना टाकतात. लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी झाड सावरलं तर तो फक्त उन्हाचा ताण. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर बोट मातीत घालून पाहा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर मुळाशी गडबड आहे, पाणी थांबवा आणि कुंडीचं खालचं भोक तपासा.

बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढवत असाल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागतं. ही बहुधा लोहाची कमतरता असते. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणारं लोह) पाकिटावरच्या मात्रेने द्या, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला. युरियाच्या नादी लागू नका, झाड हिरवंगार होतं आणि फुलं मागे पडतात.

कीड म्हणाल तर ब्लू बटरफ्लायवर पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण जास्त दिसतो, किंग्ज मँटलवर कोरड्या हवेत बारीक कोळी (माइट) आणि कधी खवले कीड. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. आठवड्याने पुन्हा.

थंड देशात राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये घर असेल तर दोन्ही कुंडीतच हवीत. रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सिअसखाली जाऊ लागलं की आत घ्या. ब्लू बटरफ्लाय थंडीत पानं गाळतं, ते मेलं असं समजून फेकू नका. पाणी अगदी कमी करा, वसंतात छाटा, पुन्हा फुटतं. फ्लोरिडात किंवा टेक्ससच्या दक्षिण भागात ते जमिनीतही जगतं, हलक्या हिमाने वरचा भाग करपला तरी मुळातून परत येतं. खोलीच्या आत सजीव दिसणारं झाड हवं असेल तर किंग्ज मँटल बरं, कारण उजेडाच्या खिडकीत त्याची पानं सहसा टिकतात.

मग घ्यायचं कुठलं

गॅलरी, अर्धवट ऊन, लहान कुंडी, कुंपण, किंवा छाटायला हात धजत नाही: किंग्ज मँटल. अंगण किंवा उघडी गच्ची, सकाळचं भरपूर ऊन, आणि फेब्रुवारीत कात्री चालवायची तयारी: ब्लू बटरफ्लाय. माझा स्वतःचा कल ब्लू बटरफ्लायकडे आहे, त्या रंगाला तोड नाही. पण जागा नसताना हट्टाने लावलेलं ब्लू बटरफ्लाय पाहून वाईट वाटतं. आणि कोकणात, घाटमाथ्यावर स्वतःची जमीन असेल, तर आफ्रिकेकडे बघण्याआधी भारंगी लावा. निळी फुलं मिळतील, श्रावणात भाजीही मिळेल.

खरेदीच्या वेळी नावावर विसंबू नका. ‘बटरफ्लाय’ म्हणून गोकर्णही विकला जातो आणि बडलेयाही, ‘थनबर्जिया’ म्हणून मोठा वेल हातात पडतो. पानं बघा. ब्लू बटरफ्लायचं पान रुंद, टोकाकडे दातेरी, चुरगळलं तर उग्र वास येणारं. इरेक्टाचं पान लहान, गुळगुळीत, गर्द हिरवं, आणि फांदी बारीक, चौकोनी. वेलाचं पान तळहाताएवढं, कोनेदार असतं. शक्य असेल तर फुलावर असलेलं रोपच उचला.

आणि शेजाऱ्यांकडे यांपैकी कुठलं आधीच असेल तर विकत घेऊच नका. जून-जुलैत पेन्सिलएवढी, अर्धवट पिकलेली, तीन-चार डोळ्यांची फांदी मागून आणा, खालची पानं काढा, वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. दोन्ही फांदीवरून लागतात. ब्लू बटरफ्लायचा मुळाशी आलेला धुमारा मुळांसकट मिळाला तर आणखी लवकर काम होतं.