चुका सांगणारी पाळी : दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाचा अनुभव

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका सभागृहात 'संघटनात्मक वर्तन' (संस्थेत काम करताना माणसे कशी वागतात, याचा अभ्यास) या विषयावर झालेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाला मी बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यातर्फे गेलो होतो. हा वर्ग कोणाच्या उपयोगाचा आहे, ते शिफ्ट इन्चार्जच्या नजरेने सविस्तर लिहावेसे वाटले.

सर्वांत मोलाचे ठरले ते पहिल्या दिवशीचे दुपारचे सत्र. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी फळ्यावर व्याख्या न लिहिता हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांची कारकीर्दच आमच्यापुढे उलगडली. अमेरिकन वास्तुरचनाकार व संशोधक बकमिन्स्टर फुलर यांच्याकडे अभियंता म्हणून काम केलेल्या एडमंडसन पुढे संघटनात्मक वर्तनाच्या अभ्यासाकडे वळल्या आणि पीएच.डी. करत असताना रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांची तुलना करू लागल्या. ज्या गटात एकोपा चांगला, तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या गटांच्या नावावर अधिक चुका दिसत होत्या, आणि त्याचे कारण त्यांच्या लक्षात आले ते असे, की तिथली माणसे चूक झाली तर ती न घाबरता सांगत असावीत. पुढे एका उत्पादक कंपनीतील 51 गटांचा अभ्यास करून त्यांनी 1999 मध्ये गटातील 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी अपमान वा शिक्षा होणार नाही हा गटातला विश्वास, ही कल्पना मांडली. अपेक्षेविरुद्ध आलेले आकडे बाजूला न सारता त्यांचाच पाठपुरावा करत एका अभ्यासकाने आपली कारकीर्द उभी केली, हे ऐकताना मी भारावून गेलो.

आमच्या रात्रपाळीच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये (सदोष म्हणून नाकारलेल्या मालाच्या नोंदवहीत) महिनोन्महिने जवळजवळ काहीच नोंद नसते आणि त्याबद्दल मी त्या पाळीचे सर्वांसमोर कौतुक करत आलो आहे. त्या दुपारी ते कौतुक मला फार बोचले. माणसांना निर्धास्तपणे बोलू दिले तर शिस्त सैल होणार नाही का, असे मी विचारले, तेव्हा प्राध्यापकांनी एडमंडसन यांचीच मांडणी समजावून दिली : मोकळेपणा आणि कामाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही एकाच वेळी उंच ठेवता येतात.

दुसरा दिवस मात्र उतरता वाटला. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात कामाच्या परिस्थितीचा कामगारांवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी झालेले प्रसिद्ध प्रयोग अर्ध्या तासात उरकले गेले. छापील टिपणे केवळ इंग्रजीत होती. हिंगणा एमआयडीसीतून आलेल्या सुपरवायझरांनी शेजाऱ्याकडून अर्थ विचारत ती वाचली. मराठी टिपणे देणे आयोजकांना सहज शक्य आहे आणि ती त्यांनी द्यायलाच हवीत. जेवण व बैठकव्यवस्था समाधानकारक होती.

एवढी उणीव धरूनही हा वर्ग मी नक्की सुचवेन, पण एका पाळीतून एकट्याला न पाठवता इन्चार्ज आणि ऑपरेटर अशा दोघांना पाठवावे. परतल्यावर मी रजिस्टरमधील 'जबाबदार कामगाराचे नाव' हा रकाना काढण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा त्यामागचे कारण रात्रपाळीला पटवून देणारा, ते सत्र स्वतः ऐकलेला दुसरा माणूस माझ्याबरोबर असायला हवा होता.