इलेक्ट्रिक टूथब्रश: चौघांच्या घरात नऊ महिने वापरल्यावर

हा ब्रश हौस म्हणून घेतला नव्हता. दात तपासायला गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं. डावीकडचा सुळा आणि त्याच्या मागचे दोन दात, हिरडीला लागून, कोरल्यासारखे झिजलेले. "ब्रश उजव्या हातानं करता ना?" त्यांनी विचारलं. उजव्या हाताचा जोर डाव्या बाजूवर जास्त पडतो म्हणे. त्याच तोंडात खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला मात्र कीटणाचा, म्हणजे कडक झालेल्या घाणीचा, थर होता. जिथं जोर नको तिथं मी वर्षानुवर्षं दात खरवडत होते आणि जिथं घाण साचत होती तिथं माझा ब्रश पोचतच नव्हता. हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण दात घासण्यात मी कधी आळस केला नव्हता. आणि वरचं कवच एकदा झिजलं की ते पुन्हा येत नाही.

म्हणून घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: दाब जास्त झाला की लागणारा लाल दिवा, आणि दोन मिनिटांचा टायमर. आमचा ब्रश लहान गोल डोक्याचा, मागेपुढे फिरणारा आहे. चौघांची चार डोकी आणि सुरुवातीला एकच मूठ.

पहिला आठवडा त्रासाचा गेला. ओठांना गुदगुल्या होतात, आणि ब्रश तोंडात घालण्याआधी सुरू केला तर पेस्ट आरशावर उडते. मुख्य अडचण सवयीची होती. साध्या ब्रशसारखा हा घासायचा नाही. एकेका दातावर, हिरडीच्या कडेला थोडा तिरका करून, दोन-तीन क्षण नुसता धरायचा आणि पुढे सरकवायचा. हात ऐकत नाही. माझा लाल दिवा रोज त्याच ठिकाणी लागायचा, डाव्या सुळ्यावर. तिसऱ्या आठवड्यात तो लागायचा थांबला. निव्वळ या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा ब्रश पुन्हा घेईन.

टायमर दर तीस सेकंदांनी खूण देतो, म्हणजे तोंडाचे चार भाग आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट. घेण्याआधी एकदा सगळ्यांची वेळ लावून पाहिली होती. एकाचंही मिनिट भरलं नव्हतं.

मोटर स्वतः किती फरक पाडते? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात इलेक्ट्रिक आणि साध्या ब्रशची तुलना करणारे बरेच प्रयोग एकत्र पाहिले होते. तीन महिन्यांहून जास्त वापरल्यावर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा चिकट थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. आमच्या घरातला अनुभव नेमका तसाच आहे.

आता सात वर्षांच्या लेकीचं सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. मलाही वाटली होती. अर्धी वर आलेली ही दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली असते आणि साधा ब्रश तिच्यावरून निघून जातो. लहान गोल डोकं आडवं धरलं की तिथं नीट बसतं. त्या दाढांच्या खोल खाचा डॉक्टरांकडून सीलंटनं, म्हणजे पातळ लेपानं, बंद करून घेतल्या. रात्रीचा ब्रश अजून मीच करून देते. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. शेवटी नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, कारण पाण्याबरोबर फ्लोराइडही निघून जातं. चूळ न भरण्याची सवय लेकीला पटकन लागली, आम्हा मोठ्यांना फार वेळ लागला.

सासूबाईंनी दोन दिवसांत ब्रश परत केला. "डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं गं," म्हणाल्या. आग्रह केला नाही. महिन्याभरानं बोटांचे सांधे दुखायला लागले तेव्हा त्यांनी आपणहून मागितला, कारण जाड मूठ धरायला सोपी जाते आणि मनगट हलवावं लागत नाही. त्यांच्या हिरड्या खाली सरकल्यात, मुळं उघडी पडलीत, औषधांमुळे तोंडही कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड लवकर लागते आणि उघड्या मुळांना तर फारच लवकर. त्यांना खरा उपयोग झाला तो मात्र दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशचा. रोज रात्री एकदा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस रक्त आलं आणि त्या घाबरल्या. "आई, रक्त येतं तिथंच जास्त स्वच्छता हवी असं डॉक्टर म्हणालेत," असं रोज सांगावं लागलं. मग रक्त थांबलं.

आता जे वाईट झालं ते. पाचव्या महिन्यात नवऱ्याची दाढ रात्री ठणकायला लागली. एक्स-रेमध्ये दोन दाढा जिथं एकमेकींना टेकतात तिथं कीड निघाली, थेट दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली. दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते, म्हणून आत पोचेपर्यंत काही कळत नाही. रूट कॅनाल करावं लागलं आणि नंतर दाढ फुटू नये म्हणून कॅप. ही कीड ब्रश आणण्याच्या आधीपासूनची असणार, पण दोन मिनिटांची खूण झाली की दात स्वच्छ झाले असं आम्ही धरून चाललो होतो. टेकलेल्या दाढांच्या मध्ये दात घासायचा कुठलाच ब्रश शिरत नाही, कितीही वेगानं फिरला तरी. तिथं फ्लॉसच, म्हणजे दातांमध्ये फिरवायचा दोरा, लागतो. ब्रशबरोबर त्याच दिवशी फ्लॉस आणला असता तर, हे मला अजून टोचतं.

वस्तू म्हणून तक्रारीही आहेत. लाल दिवा मुठीच्या मागच्या बाजूला आहे, आरसा नसेल तर दिसत नाही. डोकं जिथं बसतं तिथं खाली काळपट घाण साचते. दर आठवड्याला काढून धुवावं आणि कोरडं करावं लागतं. बॅटरी दोन आठवडे चालेल असं लिहिलंय ते एका माणसासाठी, चौघांत चार दिवसही पुरत नाही. सकाळी रांग लागायची म्हणून दुसरी मूठ घ्यावी लागली. आणि डोकी दर तीन महिन्यांनी बदलायची, म्हणजे खर्च एकदाच होऊन संपत नाही. घेण्याआधी डोकी सहज मिळतात का, हे नक्की बघा.

सहाव्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. माझ्या झिजलेल्या दातांच्या खाचा वाढल्या नाहीत. हिरड्यांतून रक्त येण्याच्या जागा बऱ्याच कमी झाल्या. खालच्या पुढच्या दातांमागे कीटण मात्र पुन्हा थोडं जमलंच होतं. लाळेच्या ग्रंथी तिथंच उघडतात, त्यामुळे तिथला थर लवकर दगडासारखा होतो आणि एकदा कडक झाला की घरचा कुठलाही ब्रश तो काढू शकत नाही. स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून कीटण काढून घेणं, करून घेतलं. त्यानं दात हलतात किंवा फटी पडतात असं सासूबाईंना वाटायचं. फट आधीचीच असते, कीटणानं भरलेली, हे डॉक्टरांनी त्यांना आरशात दाखवलं तेव्हा पटलं, आणि त्यांनीही करून घेतलं.

ज्यांचा हात जड आहे, ज्यांची बोटं दुखतात, ज्यांच्या घरी दाढा येण्याच्या वयाची मुलं आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांचा हात हलका आहे आणि जे साध्या मऊ ब्रशनं दोन मिनिटं नीट घासतात, त्यांनी ते पैसे फ्लॉस, फटींचे ब्रश आणि वेळेवर तपासणी यांवर घालावेत.