जुन्या ड्राय क्लीनरची जागा घेताय? मिशिगनमध्ये शहराकडून मिळणाऱ्या मदतीच्या वाटा

मिशिगनमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावरची मोक्याची जागा बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळत असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. कधीकाळी तिथे ड्राय क्लीनर होता, गॅस स्टेशन होतं, नाहीतर क्रोमचा मुलामा देणारा कारखाना. ब्रोकर सांगतो, ‘काळजी करू नका, सिटीकडे ब्राउनफील्डचे पैसे आहेत.’ ब्राउनफील्ड म्हणजे प्रदूषणामुळे किंवा त्याच्या संशयामुळे अडून राहिलेली जुनी जागा. पैसे असतात, हे खरं. पण ते कोणाच्या हातात पडतात, कधी पडतात आणि तोवर खर्च कोणी सोसायचा, हे ब्रोकर सांगत नाही. माझ्या मते वेगवेगळ्या योजनांची तुलना रकमेवरून करूच नये. पैसा खोदकामाच्या आधी येतो, खोदकामाच्या वेळी येतो की दहा वर्षांत थेंबाथेंबाने येतो, ते आधी पाहावं.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती चुकली तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

सही करण्याआधी

1980 च्या सुपरफंड या केंद्रीय सफाई कायद्याप्रमाणे जागेच्या आजच्या मालकावर सफाईच्या खर्चाची जबाबदारी येऊ शकते, घाण त्याने केलेली असो वा नसो. 2002 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, यात दुरुस्ती करून, प्रदूषणाची माहिती असूनही रीतसर चौकशी करून जागा घेणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिलं. त्यासाठी खरेदीच्या आधी ‘फेज वन’ तपासणी, म्हणजे नमुने न घेता जागेच्या इतिहासाची आणि नोंदींची छाननी, लागते. ती वर्षभराच्या आतली हवी आणि तिचे मुख्य भाग, म्हणजे जागेची पाहणी, मुलाखती, सरकारी नोंदी आणि सफाईच्या खर्चापोटी जागेवर चढलेल्या बोज्यांचा शोध, 180 दिवसांच्या आतले हवेत. विकणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी केलेला अहवाल ‘हा घ्या, आहे की’ म्हणून हातात दिला, तर तो वाचायला चांगला, संरक्षणाला कुचकामी.

मिशिगनचा स्वतःचा नियम वेगळा आणि खरेदीदाराला बराच सोयीचा आहे. इथे ‘बेसलाइन एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट’ म्हणजे बीईए करावा लागतो. खरेदी किंवा ताबा, यांपैकी जे आधी होईल त्यापासून 45 दिवसांच्या आत तो पूर्ण करायचा आणि सहा महिन्यांच्या आत राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे ईगलकडे, द्यायचा. ‘मी आलो तेव्हा इतकं प्रदूषण आधीच होतं’ अशी ती नोंद असते. त्यानंतरही ‘ड्यू केअर’ उरतं: लोकांना धोका होऊ द्यायचा नाही आणि असलेलं प्रदूषण वाढू द्यायचं नाही.

आपल्या लोकांच्या व्यवहारांत दोन जागी हमखास गोम निघते. एक, जागा नात्यातल्याकडून घेणं. केंद्रीय कायद्यात खरेदीदाराचा प्रदूषणाला जबाबदार असलेल्या माणसाशी कौटुंबिक किंवा भागीदारीचा संबंध असेल, तर संरक्षण धोक्यात येतं. मेव्हण्याचं ड्राय क्लीनिंग घेणार असाल तर वकिलाला नातं आधीच सांगा. दुसरी, जागेऐवजी तिची मालक असलेली एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) विकत घेणं. कागद कमी लागतात खरे, पण ती एलएलसी आधीपासून मालक आहे, आणि तिची जुनी जबाबदारी तिच्याबरोबर तुमच्या घरी येते. शिवाय प्रदूषण करणाऱ्याला बहुतेक सार्वजनिक पैशांचे दरवाजे बंद असतात, त्यामुळे मदतही हातची जाते.

पहिली वाट: तपासणीचं अनुदान

ईपीएच्या, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या, ब्राउनफील्ड अनुदानाविषयी मोठा गैरसमज आहे. ते खासगी धंदेवाल्याला थेट मिळत नाही. शहर, कौंटी, लँड बँक (पडीक जागा ताब्यात घेऊन पुन्हा वापरात आणणारी सार्वजनिक संस्था) किंवा ना-नफा संस्थेला मिळतं. मग ज्या कौंटीकडे असं तपासणी-अनुदान शिल्लक असतं, ती आपल्या सल्लागाराकडून तुमच्या निवडलेल्या जागेचं फेज वन, आणि गरज पडल्यास माती, भूजल, मातीतली वाफ यांचे नमुने घेणारं ‘फेज टू’ करून देऊ शकते. तुमच्या खिशातून जवळपास काही जात नाही, आणि पैसा सर्वांत आधी येतो, म्हणजे जागा घ्यायची की नाही हे ठरायच्या आत. तुलनेत हीच वाट मला सर्वांत किमती वाटते, रक्कम सर्वांत लहान असली तरी.

ड्राय क्लीनरच्या बाबतीत फेज टूची गरज जास्तच. कपडे धुण्याचं पर्क हे रसायन पाण्यापेक्षा जड असतं. ते भूजलावर तरंगत नाही, खाली उतरत जातं, फटीत दडून बसतं आणि वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतं. ती वाफ जमिनीच्या स्लॅबमधून शेजारच्या गाळ्यातही शिरते. पेट्रोलचं तसं नाही. ते भूजलावर तरंगतं आणि जंतू ते हळूहळू पचवतात, शिवाय गळक्या टाक्यांचा कायदाही वेगळा आहे. म्हणून गॅस स्टेशनच्या जागेचा अंदाज पर्कच्या जागेला लावू नका.

तोटे दोन. जागामालकाने आत येऊ द्यायला लेखी परवानगी द्यावी लागते, आणि पुष्कळ मालक ती देत नाहीत. नमुने घेतले की गुपित उघडं पडतं, ही त्यांची भीती रास्तच आहे. दुसरं, जागा निकषांत बसते की नाही याच्या मंजुरीत आठवडे जातात. तीस दिवसांत क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा करण्याची, घाई करणाऱ्या विक्रेत्याबरोबर हे जमत नाही. आणि हो, कौंटी फेज वन करून देणार असेल, तरी अहवालात वापरकर्ता म्हणून तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं नाव घालून घ्या.

दुसरी वाट: वाढीव करातून परतफेड

लोक ‘ब्राउनफील्डचे पैसे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा हेच असतं. मिशिगनच्या 1996 च्या कायदा क्रमांक 381 खाली शहर किंवा कौंटी ब्राउनफील्ड प्राधिकरण नेमते. तुम्ही प्रकल्पाचा प्लॅन देता, जनसुनावणी होते, सिटी कौन्सिल मंजुरी देते. जागा सुधारल्यावर मालमत्ता कर वाढतो. तो वाढीव भाग प्राधिकरण बाजूला काढतं आणि तुम्ही सफाईवर केलेला मान्य खर्च त्यातून फेडतं. शाळांच्या कराचा राज्याकडचा वाटाही हवा असेल, तर राज्याची वेगळी मंजुरी लागते. कराची ही वळवणूक 30 वर्षांपर्यंत चालू शकते.

आता एक कल्पित हिशेब मांडू. आज जागेवर वर्षाला 6,000 डॉलर कर आहे, इमारत झाल्यावर 46,000 होईल. वाढ 40,000 ची. पण मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जफेडीच्या करासारखे काही भाग वळवता येत नाहीत, म्हणून हाती 30,000 धरू. मान्य खर्च 3 लाख डॉलर असेल, तर पूर्ण परतफेडीला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांची उसनवारी बँकेकडून 8 टक्क्यांनी केली असेल, तर पहिल्याच वर्षाचं व्याज 24,000. म्हणजे शहराने 3 लाख ‘दिले’, तरी तुमच्या पदरात पडलं ते बरंच कमी. त्यामुळे प्लॅनची बोलणी करताना व्याज मान्य खर्चात धरणार का, हा प्रश्न रकमेच्या आधी विचारा. काही प्राधिकरणं धरतात, काही धरत नाहीत.

दोन बारकावे सीपीए, म्हणजे हिशेबतज्ज्ञसुद्धा, पटकन सांगत नाहीत. मिशिगनमध्ये मालमत्ता विकली गेली की पुढच्या वर्षी तिच्या करपात्र मूल्याच्या वाढीवरची मर्यादा उठते आणि कर उडी मारतो. प्लॅन मंजूर होताना कर-आकारणीच्या यादीवर जे मूल्य असतं, ते परतफेडीचा पाया ठरतं. ही उडी बसायच्या आधी प्लॅन मंजूर झाला, तर ती वाढही तुमच्या परतफेडीत मोजली जाते; उशीर झाला तर ती पायातच गाडली जाते. दुसरा बारकावा बिलांचा. कंत्राटदार एकाच पावतीवर ‘खोदकाम आणि माती वाहतूक’ असं लिहून मोकळा होतो. प्राधिकरण विचारतं, यातली दूषित माती किती आणि पायासाठी काढलेली साधी माती किती? लँडफिलच्या (कचराभूमीच्या) काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या, दूषित मालाच्या वाहतुकीचे कागद (मॅनिफेस्ट), ट्रकच्या तारखा जुळल्या नाहीत तर ती रक्कम अडकते. कंत्राट देतानाच दोन्हीची बिलं वेगळी मागा. आणि प्लॅन मंजूर होण्याआधी सफाईला हात घालू नका. सुरुवातीच्या तपासणीसारखे काही खर्च सोडले, तर आधी केलेलं काम परतफेडीत धरून घेणं जिकिरीचं होतं.

ही वाट मोठ्या वाढीच्या प्रकल्पांसाठी आहे. पडीक गाळ्याच्या जागी तीन मजली इमारत येणार असेल तर उत्तमच. तोच गाळा रंगवून किराणा दुकान काढायचं असेल, तर कर वाढणार थोडा, आणि प्लॅन तयार करणाऱ्या वकील-सल्लागारांची फी त्यातला मोठा घास खाणार.

तिसरी वाट: फिरतं कर्ज

ईपीएच्या पैशातून काही शहरं आणि कौंट्या सफाईसाठी फिरता कर्जनिधी चालवतात. तुम्ही फेडलेलं पुढच्याला जातं. यातून खासगी मालकालाही कर्ज मिळतं, मात्र प्रदूषणाला जबाबदार असलेल्याला नाही. ईगलचंही कमी व्याजाचं कर्ज आहे. त्यात पहिली काही वर्षं हप्ता नसतो, पण अर्ज स्थानिक संस्थेमार्फत जातो.

कर्ज म्हटलं की आपण बिचकतो, पण इथे पैसा काम चालू असताना हातात येतो, आणि लहान धंद्याला तेव्हाच त्याची निकड असते. साधी बँक दूषित जागेवर कर्ज द्यायला कां-कूं करते, तिथे हे कर्ज वाट मोकळी करतं. वाढीव कराच्या परतफेडीतून याचे हप्ते भागवायचे, अशी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेची जोडणी पुष्कळ प्रकल्पांत केली जाते आणि ती शहाणपणाची आहे. अडचण एवढीच की केंद्राच्या पैशाबरोबर डेव्हिस-बेकन कायद्याने ठरवून दिलेले मजुरीचे दर येतात. ओळखीच्या कंत्राटदाराने तोंडी सांगितलेला आकडा मग टिकत नाही. दर आठवड्याला मजुरीचे प्रमाणित तक्ते द्यावे लागतात.

चौथी वाट: करसवलत

2000 सालच्या कायदा 146 खाली पात्र शहरं जुनी, मोडकळीला आलेली किंवा दूषित व्यावसायिक इमारत दुरुस्त करणाऱ्याला सवलतीचं प्रमाणपत्र देतात, जास्तीत जास्त 12 वर्षांचं. इमारतीचं करपात्र मूल्य दुरुस्तीआधीच्या पातळीवर गोठतं. शाळांच्या कराचा बराचसा भाग चालू राहतो, जमिनीवरचा करही चालू राहतो. शहराने आधी सवलतीचा विभाग (डिस्ट्रिक्ट) जाहीर करायचा असतो, काम त्यानंतर सुरू करायचं. कागदपत्रं तुलनेने कमी आणि पावत्यांची छाननी नाही, म्हणून ही सवलत लोकांना आवडते.

पण एकाच इमारतीवर करसवलत आणि वाढीव करातून परतफेड, दोन्ही पूर्ण हवेत असं म्हणणाऱ्यांना हिशेबच कळलेला नसतो. कर माफ झाला की वळवायला वाढीव कर उरतच नाही. दोन्ही नळ एकाच टाकीला लावलेले आहेत. ब्रोकर आणि कधी कधी शहराचे आर्थिक विकास अधिकारीही दोन्ही आकडे एका कागदावर बेरजेने दाखवतात. ती बेरीज खोडून काढा. माझा कल असा: प्रदूषण कमी आणि दुरुस्ती जास्त असेल तर सवलत घ्या, प्रदूषण भारी असेल तर परतफेड घ्या. तुम्ही भाडेकरूकडून कर वसूल करत असाल तर सवलत त्याच्या खिशात जाते, हेही लक्षात ठेवा. ट्रिपल नेट भाडेपट्ट्यात, जिथे कर, विमा आणि देखभाल भाडेकरू भरतो, तसंच होतं.

घाई नसेल तर

आणखी एक पर्याय आहे, त्याच्याकडे फार कमी लोक वळतात. करबुडव्या जागा मिशिगनमध्ये जप्त होऊन कौंटीकडे किंवा लँड बँकेकडे येतात. फ्लिंटची जेनेसी कौंटी लँड बँक यात बरीच जुनी आहे. ईपीएचं सफाई-अनुदान मिळायला जागा अर्जदाराच्या मालकीची असावी लागते, त्यामुळे अशा संस्था स्वतः सफाई करून मग जागा विकू शकतात. तुम्हाला अहवाल आणि साफ केलेली जमीन मिळते. बदल्यात विकास करार येतो: अमुक मुदतीत बांधा, नाहीतर जागा परत. मोक्याचा कोपरा तुमच्या सोयीने यादीत येईलच असं नाही, आणि दोन-तीन वर्षं थांबायची तयारी लागते.

साफ करणं म्हणजे नेहमी सगळी माती उपसणं नव्हे, हेही कौंटीशी बोलताना ध्यानात असू द्या. पर्कच्या वाफेसाठी पुष्कळ वेळा स्लॅबला भोक पाडून पाइप घालतात, तो छतावर नेतात आणि वर पंखा बसवतात. वाफ खोलीत शिरण्याआधी खेचून बाहेर सोडली जाते. खर्च उपशाच्या मानाने फारच कमी येतो. पण पंखा कायम चालू ठेवायचा, त्याच्या मापकाची नोंद ठेवायची आणि जागेवरचे निर्बंध खरेदीखताबरोबर नोंदवायचे, ही जबाबदारी पुढच्या मालकापर्यंत जाते. अनुदान किंवा परतफेड यासाठी मान्य होते ती बहुधा बसवण्याची रक्कम. पुढच्या वीस वर्षांच्या विजेची आणि देखभालीची तरतूद तुमच्या भाड्याच्या गणितात हवी.

आता खरेदी करारावर या. शहराचा कोणताही मार्ग निवडायचा असला, तरी तपासणीची मुदत निदान नव्वद दिवसांची मागा, नमुने घेण्याची परवानगी करारातच लिहून घ्या, आणि ब्राउनफील्ड प्लॅन मंजूर झाला नाही तर इसारा परत मिळेल असं कलम घाला. विक्रेता शेवटच्या कलमाला नाही म्हणाला, तर किंमत कमी करून घ्या. नमुने घेण्यालाच नाही म्हणाला, तर जागा सोडून द्या.