जुन्या बाजारातलं बोललेलं: तबकडी घ्यावी, एलपी की कॅसेट?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर माल मांडलेला असतो. दोन्हीकडे गाण्यांच्या मागे लागलेले संग्राहक भरपूर. नुसतं बोललेलं गोळा करणारे मात्र फार थोडे: कीर्तन, प्रवचन, पोथीवाचन, घरच्या पूजेला बसवणारे गुरुजी, संमोहनाचे धडे, नकला, इंग्रजी बोलायला शिकवणारे मास्तर. या नादाला लागायचं तुमच्या मनात असेल, तर पैसे आणि कपाटातली जागा लाखेच्या जुन्या तबकडीला, विनाइलच्या एलपीला की कॅसेटला द्यायची हे आधी ठरवायला हवं. माझा कौल कॅसेटला आहे. पण तबकडीची ओढ खोटी नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गने कोलकात्यात ध्वनिमुद्रणं केली. तेव्हापासून साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे निघत राहिल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. गाणाऱ्यांनी चीज आटोपशीर करून ही मर्यादा पेलली, बोलणाऱ्यांना मात्र ती फार जाचली. वारकरी कीर्तनात तेवढा वेळ अभंगाचं पहिलं चरण घोळवण्यातच जातो, निरूपण तर अजून दूर असतं. त्यामुळे तबकडीवर हाती लागतात ते तुकडे: नाटकातला प्रवेश, विनोदी संवाद, पोवाड्याचा एखादा चौक. नाटकांचे अनेक तबकड्यांचे संचही निघत, पण बाजारात पूर्ण संच क्वचितच मिळतो.

मर्यादा ओळखून बोललेलं असेल तर तबकडीला तोड नाही. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते, तेव्हा कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला. राजकारणावर न बोलता त्यांनी ईश्वरावरचा स्वतःचाच जुना मजकूर वाचून दाखवला. दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा मिनिटं, इंग्रजीत, कुठेही आवाज न चढवता. आध्यात्मिक बोलण्याची इतकी एकाग्र तबकडी मला दुसरी माहीत नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने हाती घेतलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणासाठी त्याआधीच, १९१३ पासून, निरनिराळ्या भाषांतल्या माणसांकडून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट तबकड्यांवर वदवून घेतली होती. त्या विक्रीसाठी नव्हत्या, तेव्हा बाजारात शोधत बसू नका. त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात.

तबकडीचं सांभाळणं कटकटीचं आहे. ती लाखेची, हातातून सुटली की संपली. स्पिरिटने पुसाल तर लाख विरघळेल आणि आवाज कायमचा जाईल. साधं स्वच्छ पाणी आणि मऊ फडकं पुरतं, फक्त मधलं लेबल भिजू देऊ नका. आजचे बरेच रेकॉर्ड प्लेअर ३३ आणि ४५ याच वेगांवर चालतात. ७८चा वेग असला तरी सुई वेगळी लागते, कारण या तबकडीची खाच एलपीपेक्षा जवळपास तिप्पट रुंद असते. जमेची मोठी बाजू म्हणजे सोबत. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, आणि लेबलं, क्रमांक, साल यांवर तिच्या वर्तुळातल्या लोकांनी भरपूर काम करून ठेवलं आहे. तुमच्या हातातली तबकडी काय आहे हे सांगणारं कुणीतरी भेटतंच.

एलपीबद्दल थोडक्यात. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, आवाज स्वच्छ, हाताळायला सोपी. कथाकथन, स्तोत्रं, नाटकं तिच्यावर आहेत. पॉलिडॉरने ‘शोले’चे नुसते संवाद काढले तेही एलपीवर, आणि लोकांनी ते गाण्यांइतक्याच हौसेने घेतले. पण एलपी काढणं खर्चाचं काम होतं, त्यामुळे कंपन्यांनी आधीच नावाजलेल्यांनाच संधी दिली. त्यातलं पुष्कळसं पुढे कॅसेटवर, सीडीवर पुन्हा आलं. शिवाय हल्ली विनाइलची हौस वाढल्यामुळे कव्हर देखणं असलं की विक्रेता भाव चढवतो. घरात चांगला प्लेअर असेल तर दिसलेली एलपी जरूर घ्या, पण विचित्र आणि अनोखं हवं असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आता कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे घरोघरी गेली. ध्वनिमुद्रण मोठ्या कंपन्यांच्या हातून सुटलं. तालुक्याच्या गावी एखादा दुकानदार, दोन कॅसेट डेक आणि छापखान्यातून करून आणलेलं इनले कार्ड (डबीत घालायचा छापील कागद) एवढ्यावर कीर्तनकाराची कॅसेट निघू लागली. बाबामहाराज सातारकरांचा आवाज महाराष्ट्रभर पोचला तो याच वाटेने. त्यांच्या कॅसेट आजही कुठेही मिळतात. खरी शोधायची ती त्यांच्या आसपासची माणसं, ज्यांचं नाव चार गावांपलीकडे गेलं नाही आणि ज्यांच्या कॅसेटची नोंद कुठल्याही सूचीत नाही.

वेळेचा प्रश्नही इथे बऱ्याच अंशी सुटतो. सी-९० कॅसेटला दर बाजूला पंचेचाळीस मिनिटं मिळतात, म्हणजे दृष्टांत पुरा होतो, विनोदावर मंडप हसलेला ऐकू येतो, मृदंगी मध्येच थाप देऊन दाद देतो. टेप लांब बोलण्याला जागा देते, याचा सर्वांत मोठा पुरावा गाडगेबाबांचा. १९५६ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, बाबांनी वांद्र्याला पोलिसांपुढे केलेलं कीर्तन कुणीतरी टेप केलं, म्हणून ते प्रश्न विचारणं आणि लोकांनी एका आवाजात उत्तर देणं आज आपल्याला ऐकता येतं. कॅसेट यायला तेव्हा अजून सात वर्षं होती. तीन मिनिटांच्या तबकडीवर हे कधीच उतरलं नसतं.

मला सर्वांत प्रिय आहेत त्या पूजा सांगणाऱ्या कॅसेट. गणेश चतुर्थीला गुरुजी वेळेवर मिळेनात, तेव्हा घरोघरी टेपरेकॉर्डर पाटाशेजारी ठेवून प्राणप्रतिष्ठा झाली. “आचमन करा”, “उजव्या हातात अक्षता घ्या”, “पळीभर पाणी ताम्हनात सोडा”, आणि मग थोडा वेळ नुसती बासरी किंवा घंटानाद, घरातल्या माणसाची धांदल संपेपर्यंत. एक कॅसेट नीट ऐका: गुरुजी संकल्पात “आपलं नाव आणि गोत्र म्हणा” सांगून थांबतात. ती मोकळी जागा न दिसणाऱ्या हजारो यजमानांसाठी राखलेली असते. नुसता आवाज समोर नसलेल्या माणसाकडून काम करवून घेतो, असं उदाहरण तबकडीवर मला सापडलेलं नाही.

ओशोंच्या कॅसेट पुण्यात दिसणारच, १९७४ पासून आश्रम इथेच आहे. पण त्यांची प्रवचनं नीट जतन झालेली आहेत, त्यामुळे त्या घ्यायची घाई नाही. घाई करा ती हाताने लेबल लिहिलेल्या कॅसेटची: “सप्ताह, काला, बाजू अ” असं काहीतरी निळ्या शाईत. बहुधा त्याची दुसरी प्रत जगात नसते, आणि रद्दीवाल्याच्या लेखी त्याला काहीच किंमत नसते. अशाच गठ्ठ्यात कधी आखातातून किंवा अमेरिकेतून घरी पाठवलेली बोलकी पत्रंही निघतात. ती खाजगी आहेत, त्यांचा पत्ता लागला तर घरच्यांना परत करावीत, जगापुढे मांडू नयेत.

कॅसेटचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे पाहा, कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट मशीनला लावू नका, एकीची बुरशी मशीनमधून सगळ्यांना लागते. टेपमागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का तेही बघा. ती निखळली असेल तर आवाज मधूनमधून बुडतो, पण स्क्रूची कॅसेट असेल तर दुसरीची गादी बसवता येते. ऐकण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. घरगुती कॅसेट घोगरी वाटली तर लगेच वाईट ठरवू नका. मूळ मशीनच्या हेडचा, म्हणजे टेपला टेकणाऱ्या भागाचा, कोन वेगळा असू शकतो. आपल्या मशीनच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून ‘स’ आणि ‘श’कडे कान ठेवा, ते मोकळे झाले की उरलेलं बोलणंही उघडतं. काम झालं की स्क्रू पूर्वीच्या जागी न्या. संगणकावर उतरवताना मूळ खरखर तशीच ठेवून एक प्रत जपा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा, आणि इनलेचा फोटो सोबत ठेवा.

एका बाबतीत तबकडी कॅसेटला हरवते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. बहुतेक तबकड्यांवरचा हा हक्क संपला आहे. त्यातल्या मजकुराचा आणि संगीताचा हक्क मात्र वेगळा मोजावा लागतो. ऐंशी-नव्वदच्या कॅसेट अजून या मुदतीत आहेत, त्यामुळे सापडलेलं जगाला ऐकवायचंच असेल तर तबकडीकडे वळणं सोयीचं. कॅसेटसाठी परवानगी मागावी लागते, आणि ती मागावी. इनलेवर बऱ्याचदा गावाचं नाव असतं. तिथल्या देवळात कीर्तनकाराची चौकशी केली की घर सापडू शकतं. जाताना उतरवलेल्या आवाजाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन जा. अनेक घरांत कॅसेट कधीच फेकून दिलेली असते.