वटवाघळाची लाकडी कानातली मागवण्याआधी हे वाचा

सोशल मीडियावर सध्या एक जाहिरात जोरात फिरते आहे. उलटं लटकलेलं, पंख अंगाभोवती लपेटून घेतलेलं वटवाघूळ, आणि तेही चांगलं बोटभर लांबीचं कानातलं. खाली लिहिलंय: अस्सल शिसवी लाकूड, कोकणातल्या कारागिरांनी हातानं कोरलेलं, आपल्या मातीतलं वटवाघूळ, विक्रीतले 20 टक्के वटवाघळांच्या संवर्धनाला. मी 1,450 रुपये भरून एक जोड मागवला. जाहिरातीतला एकही दावा खरा नव्हता.

ज्यांना वटवाघळांबद्दल आपुलकी आहे, अशाच माणसांना गाठण्यासाठी ही जाहिरात बेतलेली आहे. आमच्या गावी देवळामागच्या चिंचेवर वटवाघळांची मोठी वस्ती आहे. करोनाच्या काळात ते झाडच तोडून टाकायला काही जण निघाले होते. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती होईपर्यंत फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांच्या बरोबरीने उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. वड, उंबर, पिंपळाच्या बिया रातोरात रानभर पसरवणाऱ्या या जिवाला कुणीतरी हौसेनं कानात मिरवतंय, हे पाहून मला मनापासून आनंद झाला होता. विकणाऱ्याने नेमका त्याचाच फायदा उठवला, म्हणून मला पैशांपेक्षा याची चीड जास्त आहे.

पाकिटातून निघालं ते लाकूड नव्हे, एमडीएफ. म्हणजे भुसा दाबून केलेली फळी आणि तिच्यावर चिकटवलेला लाकडाच्या रंगाचा छापील कागद. काठ सगळीकडून काळपट, जळका. लेसरने कापलं की असा काठ येतो आणि नाकाजवळ नेलं तर करपट वासही येतो. दोन्ही कानातल्यांवर लाकडाची गाठ अगदी एकाच जागी, एकाच आकाराची. खऱ्या लाकडात असं सहसा होत नाही. नखाने ओरखडल्यावर कागदाचा पापुद्रा निघाला आणि ओलं बोट फिरवलं तेवढ्यात काठ फुगला. खऱ्या लाकडाची रेषा पृष्ठभागावरून वळून बाजूवर उतरते. इथे ती काठाशी आल्यावर तुटलेली दिसते. आणि वटवाघूळ? कान डोक्याएवढे, डोळ्यांचा पत्ता नाही, खाली चक्क शेपटी. आपल्या मोठ्या वटवाघळाचं तोंड कुत्र्यासारखं लांबट असतं, डोळे टपोरे असतात आणि शेपटी नसतेच.

जाहिरातीतला फोटो मात्र फार सुंदर होता, म्हणून तो मोठा करून नीट पाहिला. अंगठ्याबरोबर दुसऱ्या बोटालाही कोरलेली नखी होती. फळं खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना ती असते. म्हणजे कोरणाऱ्याला प्राणी नीट ठाऊक होता. पण डोकं राखाडी, मानेभोवती तांबूस पट्टा आणि पायांवरची लव थेट घोट्यापर्यंत. आपल्याकडच्या वटवाघळाच्या मानेवर पिवळसर तपकिरी लव असते, डोकं तपकिरी असतं. राखाडी डोक्याचं हे वटवाघूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातलं. मेलबर्नच्या यारा बेंड पार्कमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. गूगल लेन्सवर फोटो टाकला तर मूळ फोटो तिकडच्याच एका लाकूडकाम करणाऱ्या बाईंचा निघाला. त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की हाच फोटो चोरून इतर देशांतही माल विकला जातोय आणि प्रत्येक ठिकाणी ते वटवाघूळ 'स्थानिक' असतं.

विकणाऱ्याला लिहिलं तर आधी "ताई, हँडमेड आहे, थोडा फरक राहणारच" असं उत्तर. लाकडाचं विचारलं तर "पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, नाहीतर रिटर्न नाही". कारागीर कुठल्या गावचे, 20 टक्के कुठल्या संस्थेला जातात, हे विचारल्यावर मला ब्लॉक केलं. सावंतवाडीच्या चितार आळीत आजही लाकडाची फळं आणि खेळणी हातानं घडवून रंगवली जातात. त्या माणसांच्या मेहनतीचं नाव लावून हा भुसा विकला जातोय.

तुमच्याही हातात असा माल पडला असेल तर "नो रिटर्न" या पाटीला घाबरू नका. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि वस्तू कुठल्या देशात तयार झाली हे देणं बंधनकारक आहे. या पानावर दोन्ही नव्हतं, साधा पत्ताही नव्हता. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार घेतात. पुढे जायचं तर ई-जागृती पोर्टलवरून ग्राहक आयोगाकडे घरबसल्या अर्ज करता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळेला फार महत्त्व असतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि वस्तूचे काठ दिसतील असे फोटो ब्लॉक होण्याआधीच काढून ठेवा.

मागवायचंच असेल तर आधी कडेचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. काम चालू असतानाचा व्हिडिओ मागा. जो खरंच कोरतो तो हौसेनं दाखवतो. मदत कुठल्या संस्थेला जाते ते विचारा आणि त्या संस्थेला स्वतः फोन करून खात्री करा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. माझ्या वेळी आलेलं नाव दुकानाच्या नावाशी दुरूनही जुळत नव्हतं.

माझी तक्रार 1915 वर नोंदवलेली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. ते पान मधल्या काळात बंद झालं आणि आता नव्या नावाने पुन्हा उघडलंय. फोटो तोच, राखाडी डोक्याचा. फक्त या खेपेला कारागीर कोकणातले नाहीत, मेळघाटातले आहेत. तिथल्या कुणाला ही जाहिरात दिसली तर त्यांनाही कळवा.